नायिकेची पावलं

त्या दिवसांत आमच्या घरातला टीव्ही चादरीखाली असायचा. बिघडला नव्हता, चांगला चालू होता. पण वन्सचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचं, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच धुरकट दिसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की उजेड नको, टीव्ही तर मुळीच नको. त्यावर वन्स म्हणाल्या, "बघायचा नाही म्हणालेत. ऐकायचा नाही असं कुठं म्हणालेत?" म्हणून संध्याकाळी मालिकेच्या वेळेला मी टीव्हीवर निळी चादर टाकायची. दिवा लावायचा नाही. चादरीच्या आतून रंग हलत राहायचे, कधी तांबूस, कधी हिरवट, आणि खोलीभर नुसते आवाज. मला ती वेळ आवडायला लागली होती, खोटं कशाला बोलू. पाण्याखाली बसून शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसं वाटायचं.

वन्स मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. आयुष्यभर शिट्टी वाजवून माणसं रांगेत उभी केलेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांचं तेच चालायचं, फक्त शिट्टी नव्हती. हल्लीचे पुरुष मालिकेत ऊठसूट रडतात, हे त्यांना खपायचं नाही. बायका वकील झाल्या ते उत्तम, पण केस मोकळे सोडून कोर्टात कशाला जायचं, हेही खपायचं नाही. खलनायिकेनं एवढे दागिने घालून झोपावं, हे तर अजिबातच नाही. मी नवऱ्याला 'अरे' म्हणते, ते आमचं लग्न झाल्यापासून खपलेलं नाही.

"आणि तुझं ते चालणं," त्या म्हणायच्या. "अगं, तू स्वयंपाकघरातून निघालीस की इकडे माझ्या कपातला चहा हलतो. बाईच्या जातीनं असं धपाधपा चालावं का?"

मग त्या मान चादरीकडे वळवायच्या. मालिकेतली वकीलबाई जिना उतरत असायची, ठक, ठक, ठक, हलकेच, जणू प्रत्येक पायरीची परवानगी घेऊन.

"ही बघ कशी चालते. आली हे कळतं, पण दचकायला होत नाही. असं चालावं बाईनं."

मी तोंडाला कुलूप लावून बसायची. मला हे किती जड जातं ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. कारण चादरीमागे जी चालत होती ती वकीलबाई नव्हतीच. तो माझा नवरा होता, वन्सचा धाकटा भाऊ, आणि बहुतेक वेळा तो तिथेच, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, मान खाली घालून शेंगा सोलत बसलेला असायचा.

आता हे नीट सांगायला हवं. मी आणि माझा नवरा पावलं देतो. मालिकेचं चित्रण होतं तेव्हा तिथे पंखे, जनरेटर, कुणाचं तरी खोकणं असा सगळा गोंधळ असतो, त्यात पावलांचा आवाज धड मिळत नाही. मग आम्ही स्टुडिओतल्या बंद खोलीत, पडद्यावरच्या माणसाकडे बघत, त्याच्या पावलाला पाऊल लावून चालतो, आणि आमचा आवाज त्याच्या पायाखाली बसवतात. खोलीच्या जमिनीत चौकोनी खण आहेत. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात पोकळ फळ्या. भिंतीला चपला-बुटांचं मोठं कपाट. अंगावर न सळसळणारे सुती कपडे, हातात बांगडी नाही, आणि पोट भरलेलं, कारण पोट गुरगुरलं तर तेही माईकमध्ये जातं. एकदा एका अत्यंत हळव्या निरोपाच्या प्रसंगात माझं पोट बोललं होतं. आमची ओळख त्याच खोलीतली, आणि लग्नही तिथलंच म्हणा.

पहिल्यांदा काम सुरू केलं तेव्हा जगाच्या रीतीप्रमाणे त्यानं नायकाचे बूट घातले आणि मी नायिकेच्या सँडल. दिग्दर्शकानं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. नायक लाजत लाजत येत होता आणि नायिका दार तोडायला निघाली होती. शेवटी रेकॉर्डिंगवाला कंटाळून म्हणाला, "तुम्ही दोघं पायातलं बदला बघू." आम्ही बदललं, ते आजतागायत. मी बुटात मोजे कोंबून नायक चालते. त्याच्या मापाच्या उंच टाचांच्या सँडल बाजारात मिळत नाहीत, त्या एका कारागिराकडून मुद्दाम करून घेतल्यात. कुणासाठी एवढं माप, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या नणंदेसाठी. स्टुडिओत मला सगळे 'दादा' म्हणतात. दादा आले का, दादांना चहा द्या. मला आवडतं ते.

आणि लोकांचं काय सांगू. आमच्या इमारतीतला विमा एजंट मालिकेतल्या नायकावर, त्या पोलीस अधिकाऱ्यावर, इतका फिदा की जिना उतरताना तसाच उतरतो, छाती पुढे, टाच आधी. "वहिनी, काय मर्दानी चाल आहे हो त्याची. असं रक्तातच असावं लागतं," असं मला लिफ्टपाशी ऐकवतो. मी म्हणते, असावं लागतं खरं. खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुली वकीलबाईसारखं चालायचा सराव करतात, आणि टक्कल पडलेला माझा नवरा भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मागून येत असतो. त्याच्यासाठी त्या बाजूला सरतात, काका जाऊ द्या म्हणून.

तो काम करतो ते एकदा बघायला हवं. खोलीत अंधार, समोर पडदा. तो सँडल चढवतो, बंद लावतो, डोळे पडद्यावर ठेवतो आणि अंगातलं सगळं वजन कुठेतरी वर उचलून घेतो. खांदे उतरतात, हनुवटी किंचित वर जाते. पडद्यावरची बाई पाऊल उचलते आणि त्याच क्षणी हाही. मग मला खोलीत आणखी कुणीतरी आल्यासारखं वाटतं. ती बाई वकील नसते, पडद्यावरची नटी नसते, आणि माझा नवराही नसतो. तिच्या अंगाला कसलातरी मंद वास असावा असंसुद्धा मला कधी कधी वाटतं. एखादीला सवत वाटली असती. मला मात्र ती आली की बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ माझा नवरा कुणाला घाबरत नसायचा.

घाबरायचा तो आपल्या ताईला, म्हणजे वन्सना. भीती म्हणजे दरारा नव्हे, ताईला वाईट वाटेल याची भीती. ती जास्त वाईट.

आई लवकर गेली, वडील कायम फिरतीवर. ताईनंच त्याला वाढवला. तो लहानपणापासून असाच चालायचा, हलका, चवड्यांवर. गल्लीतली पोरं त्याच्या मागून तशीच चालत यायची आणि खिदळायची. मग ताईनं काय करावं? वडिलांचे जुने बूट काढले, त्याच्या पायात घातले आणि घराच्या बोळात त्याला रोज फेऱ्या मारायला लावल्या. स्वतः टाळ्या वाजवून ठेका धरायची. टाच आधी. आणखी जोरात. पुरुषासारखा चाल. बोळाच्या टोकाला उभं राहून डोळे मिटून ऐकायची, आणि अगदी बाबा आल्यासारखं वाटलं की मगच सुट्टी. नवरा हे सांगताना हसतो. मला एकदाही हसू आलेलं नाही.

म्हणून आपण स्टुडिओत नेमकं काय करतो हे त्यानं ताईला कधी सांगितलं नाही. 'आवाजाचं काम' एवढंच सांगितलं. मलाही शपथ घातली. ताई दुसऱ्या गावात होती तोवर काही अडचण नव्हती. पण ऑपरेशननंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि डोळे मिटून, कान टवकारून दिवसभर बाहेरच्या खोलीत पडून राहायला लागली. डोळे बंद झाल्यावर माणसाचे कान काय तयार होतात, ते मी पाहिलं. दूधवाला, शेजारीण, पोस्टमन, सगळ्यांना ती जिन्यातच ओळखायची.

आणि माझा नवरा घरात आपटत चालायला लागला. अनवाणी, फरशीवर, टाच आधी. बाथरूमला जायचं तरी धाड, धाड. पहिल्या दिवशी मला वाटलं, कपाट पडलं.

"हे काय चाललंय?" मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिला ऐकू जातं सगळं."

"म्हणून तू असा नाचणार?"

"थोडेच दिवस आहेत गं. तिला बरं वाटतं. काल म्हणाली, छोट्या, अगदी बाबांसारखा चालतोस."

 मी पोळी उलटली.

दीड महिन्यात त्याची टाच सुजली. सकाळी पाऊल टेकलं की तोंड कसंनुसं व्हायचं. मला वाटलं, एवढी वर्षं उंच टाचांच्या सँडल घातल्याचं फळ. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना खरं काम सांगितलं, कारण डॉक्टरांपासून काय लपवायचं. त्यांनी पाय उलटासुलटा करून पाहिला, टाच दाबली, आणि म्हणाले की सँडलचा यात काही दोष नाही, उलट त्यात वजन चवड्यांवर जातं. "तुम्ही टाच आपटून चालता का? कडक जमिनीवर? हे बंद करा. नाहीतर काही दिवसांनी कुठलंच पाऊल टाकता येणार नाही."

बाहेर आल्यावर मी फुटपाथवरच सुरू झाले. नायिका चालून जे झालं नाही ते बाप चालून झालं, म्हटलं. आजच्या आज ताईला सांगायचं. तू सांग, नाहीतर मी सांगते.

"नको," तो म्हणाला. दुकानाच्या पायरीवर बसला. "तिनं माझ्यासाठी काय काय केलंय तुला ठाऊक आहे. ती म्हणेल, एवढं करूनही तू तसाच राहिलास."

"राहिलास तर राहिलास. कुणाचं काय घोडं मारलंस?"

"तुला नाही कळायचं. तुला कुणी हसलं नाही."

हे मात्र त्याचं चूक होतं. मला आयुष्यभर हसलेत लोक. मी फक्त मागे वळून शिव्या देते, एवढाच फरक. पण तो पायरीवर टाच धरून बसला होता, तेव्हा हे बोलायला माझी जीभ उचलली नाही.

आणि वेळ कोणती, तर मालिका संपायला आलेली. शेवटच्या भागात वकीलबाई सासरचं घर सोडून निघते. दिग्दर्शकानं ठरवलं होतं की त्या प्रसंगाला संगीत नको, संवाद नको. लांबच लांब व्हरांडा, पाठमोरी ती, आणि फक्त पावलं. "एवढ्या पावलांत सगळं यायला हवं," तो नवऱ्याला म्हणाला होता. "तुमच्याशिवाय कोण करणार?" त्या दिवशी नवरा घरी येताना गाणं गुणगुणत होता. वर्षानुवर्षं ज्याचं नाव कुठे येत नाही, चेहरा कुठे दिसत नाही, त्या माणसाला एकदा सगळं घर, सगळा देश गप्प बसून ऐकणार होता. येत्या शनिवारी ते रेकॉर्डिंग होतं. आणि त्याआधीच्या सोमवारी त्याला सँडलमध्ये उभंही राहता येईना.

त्या आठवड्याचे भाग थांबणार नव्हते. मग नायकाबरोबर नायिकाही मीच चाललो. म्हणजे चालले.

काय सांगू ती फजिती. त्याच्या सँडल मला मोठ्या, माझ्या मापाच्या घातल्या तर तोल राहीना. नवरा स्टुलावर बसून सांगत होता, "वजन खाली सोडू नकोस. वर धर. पाय टाकायच्या आधी थांब जराशी, जमिनीला कळू दे." मी जमिनीला कळवत होते, पण माझ्या पद्धतीनं. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, "दादा, जरा बाईसारखं चाला ना."

"मग मी कोण आहे?" मी विचारलं.

 शेवटी रेकॉर्डिंगवाल्यानं माझा आवाज बारीक केला, वरचा खणखणाट काढून टाकला आणि म्हणाला, कोण एवढं कान देऊन ऐकतंय. पण शनिवारच्या प्रसंगाला हे चालणार नाही, हे सगळ्यांनाच कळलं होतं. दिग्दर्शक जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "शुक्रवारपर्यंत बघतो. नाहीतर दुसऱ्या स्टुडिओतली एक मुलगी आहे, तिला बोलावतो." नवऱ्यानं ते ऐकलं.  घरी दार उघडायच्या आधी त्यानं एक दीर्घ श्वास घेतला आणि धाड, धाड, आत गेला.

तो भाग गुरुवारी लागला. संध्याकाळ होती. मी चादर टाकली, वन्सना उशी आणि चहाचा कप दिला, त्यांच्या पायाशी बसले. नवरा आत बाथरूममध्ये कोमट पाण्यात पाय सोडून बसला होता. चादरीच्या मागे आधी पिवळा रंग आला, मग करडा. पोलीस अधिकारी आणि वकीलबाई कोर्टाच्या व्हरांड्यातून बरोबर चालत होते. दोघांचं भांडण चाललेलं. म्हणजे लोकांसाठी दोघांचं. मला माहीत होतं की तो व्हरांडा मी एकटीच चार पायांनी चालतेय.

वन्सनी मान कलती केली.

"आवाज वाढव," त्या म्हणाल्या.

मी वाढवला. संवाद संपला, दोघं नुसतेच चालू लागले.

"ही आजारी आहे का?" वन्सनी विचारलं. "काय झालं हिला?"

"कुणाला?"

"गप्प बस, ऐकू दे." त्या उशीवरून उठून बसल्या. डोळ्यावर पट्टी, तोंड चादरीकडे, आणि त्या करड्या उजेडात त्यांचा चेहरा मला एकदम लहान मुलीसारखा दिसला. "अगं, ही दोन माणसं नाहीत. एकच आहे." मग म्हणाल्या, "ऊठ. जरा स्वयंपाकघरापर्यंत जाऊन ये."

"कशाला?"

"जा म्हणते ना."

मी गेले. हळू जायचा प्रयत्न केला, देवाशपथ. परत आले तेव्हा त्यांचा हात कपावर होता.

"ही तू आहेस," वन्स म्हणाल्या. "चहा हलवणारी. दोघंही तूच."

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "हो वन्स. आम्ही दोघं हेच काम करतो. पावलं देतो."

"रोज दोघंही तूच असतेस?"

"रोज फक्त तो अधिकारी."

"मग ती कोण असते?"

 शपथ घातली होती मला, आणि मी कितीही तोंडाळ असले तरी शपथ पाळते. चादरीमागे कुठलीतरी सासू ओरडत होती. आणि तेवढ्यात आतून पावलं आली. धाड. मग क्षणभर काहीच नाही. पुन्हा धाड. त्या मधल्या क्षणात तो भिंतीला हात टेकत असणार, ओठ चावत असणार, हे मला न बघता दिसत होतं.

वन्सनाही ते ऐकू आलं असावं. "पाय दुखतोय त्याचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

तिथे माझं डोकं फिरलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "तुम्ही आल्यापासून," मी म्हटलं. "घरात टाच आपटून चालतो म्हणून. तुम्हाला ऐकू जावं म्हणून. टाच सुजलीय त्याची, डॉक्टर म्हणाले हे बंद करा, नाहीतर चालणंच बंद होईल. शनिवारी त्याचं सगळ्यांत मोठं काम आहे आणि ते आता दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जाणार. तो काही बोलणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तो पाय तोडून घेईल, पण बोलणार नाही. मला मात्र तुमचा राग येतो वन्स. आज खरंच येतो."

माझा आवाज केवढा मोठा झाला होता ते मला नंतर कळलं.  वन्सचे ओठ हलत होते, काहीतरी जुळवत असल्यासारखे.

"असं चालावं बाईनं," त्या हळूच म्हणाल्या. "रोज म्हणत होते मी. तो शेजारीच बसलेला असायचा ना?"

"हो."

दारात धाड वाजलं. नवरा उभा होता, पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, पाय ओले. "काय झालं गं? ओरडतेस कशाला?"

"छोट्या, तिथेच थांब," वन्स म्हणाल्या. मग मला, "टीव्ही बंद कर."

मी बंद केला. चादरीतला रंग विझला. खिडकीतून संध्याकाळचा जेवढा उजेड येत होता तेवढाच उरला. खालून कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजून गेली.

"आता ये माझ्याकडे. आपटू नकोस."

"ताई, मी..."

"ये म्हटलं ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काय सांगितलं नि काय नाही, तो त्यातून काय समजला कोण जाणे. त्यानं एक पाऊल टाकलं. सवयीनं टाच आधी पडली आणि तो कळवळला.

"असा नाही," वन्स म्हणाल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले. एकेकाळी ज्या हातांनी टाळ्या वाजवून ठेका धरला ते हात, आता एकदम गप्प. "घाई नाही. तुला यायचं तसा ये."

त्यानं मागे हात नेऊन दाराची चौकट धरली. मला वाटलं, आता माघारी जाईल. पण मग त्यानं खांदे सोडले. एक पाऊल आलं, मग दुसरं. मी वकीलबाईची वाट बघत होते, ती आली नाही. आलं ते वेगळंच. ओल्या तळव्याचा फरशीवर अगदी पुसटसा आवाज, थोडा असमान, मध्येच रेंगाळणारा, एखादं लहान मूल दुपारी झोपलेल्या घरातून एकटंच फिरतं तसा. मी त्याच्याबरोबर आयुष्य काढलं, त्याच्या पावलांवर आमचं पोट चाललं, आणि त्याचं स्वतःचं चालणं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. स्टुडिओत तो तिचं चालायचा, ताई आल्यापासून घरात बाबांचं, आणि त्याआधीच्या चालण्याकडे मी कधी कान दिलाच नव्हता. मला रडू फुटलं आणि मी ते फुटू दिलं.

तो वन्सच्या समोर येऊन थांबला. त्यांनी मान वर केली नाही, ऐकतच राहिल्या, पावलं संपली तरी.

"हसायचे रे लोक तुला," त्या म्हणाल्या. "मला सहन व्हायचं नाही. मी तरी केवढी होते."

"माहीत आहे ताई."

"आत्ता टाच दुखली?"

"पहिल्या पावलाला. नंतर नाही. असं चाललं की नाही दुखत."

"आणि तेव्हा?" वन्सनी विचारलं. "बाबांचे बूट घालून? तेव्हा दुखायचं?"

मला त्याचं उत्तर पाठ होतं. ताईनं काहीही विचारलं, भूक लागली का, थंडी वाजते का, रागावलास का, की तो म्हणतो, छे गं. मी त्या 'छे'ची वाट बघत बसले.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखायचं."

वन्सनी हात पुढे करून चाचपडत त्याला खाली बसवलं. त्याचा पाय शोधला, मांडीवर ओढून घेतला, पदरानं पुसला आणि टाच दाबायला लागल्या. दोन्ही अंगठ्यांनी, जोर लावून, त्यांना दुसरं काही येतच नाही. शिक्षा देत असल्यासारख्या दाबत होत्या, आणि पट्टीखालून पाणी गालावर येत होतं. मी पुसायला पुढे झाले, तर माझा हात त्यांनी झटकला.

"ताई," माझा नवरा म्हणाला. "हळू."

त्या थांबल्या. मग पुन्हा दाबायला लागल्या, हळू.